पावसाळ्यात सकाळी इंजिन थरथरते: चारही कॉइल बदलावेत की आधी प्लगभोवती पाणी आहे का ते पाहावे?

सड्यावरचा | ३ जुलै, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. माझ्याकडे चार सिलिंडरची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची नऊ वर्षे जुनी हॅचबॅक आहे आणि ती आजवर ६८ हजार किलोमीटर चालली आहे. आम्ही रत्नागिरीच्या बाहेर सड्यावर राहतो. जूनच्या मध्यावर पाऊस नीट लागला, तेव्हापासून ही गाडी सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होते खरी, पण न्यूट्रलवर उभी असताना थंडी वाजल्यासारखी थरथरते. आरपीएमचा काटा ६०० ते ९०० यांच्यामध्ये नाचतो, स्टिअरिंगला झटके जाणवतात आणि इंजिनाचा पिवळा दिवा आधी लुकलुकतो व मग स्थिर होतो. शहराच्या दिशेने दहाबारा किलोमीटर गेले की सारे आपोआप शांत होते. म्हणजे मी गॅरेजपर्यंत पोहोचतो तेव्हा दाखवायला माझ्याकडे काहीच उरलेले नसते.

पहिल्या ठिकाणी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) साफ करून दिली. दुसऱ्या ठिकाणी इंजेक्टर (पेट्रोलचा फवारा मारणारे भाग) साफ करून दिले. दोन्हींचे पैसे दिले आणि थरथर होती तशीच राहिली. आता तिसऱ्या फिटरचे म्हणणे आहे की चारही इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे भाग, बदलावेत. खर्च करण्यापूर्वी आणखी काय तपासावे, असा माझा प्रश्न आहे. शेजारच्या एका काकांनी सहज विचारले होते, "प्लगमध्ये पाणी तर नाही ना शिरत?" बॉनेट बंद असताना तिथे पाणी जाईल कसे, हे मला समजत नाही.

तेलकट_हात | ३ जुलै, रात्री ९.४२

तीन गोष्टी सांगा. स्कॅनर लावून गाडीच्या संगणकातला दोषाचा कोड वाचला होता का, आणि तो कोणता होता? गाडी रात्री उघड्यावर उभी असते का? पावसाआधी बॉनेट उघडून पाण्याच्या जोराने इंजिन धुऊन घेतले होते का?

चौथा_गिअर | ३ जुलै, रात्री १०.०५

माझ्या मते दोष पेट्रोलमध्ये असावा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर तयार होतो. रात्रभर गाडी स्थिर उभी राहिली की तो थर खाली बसतो आणि सकाळी नेमका तोच इंजिनात जातो. आधी पंप बदलून पाहावा, त्याला वेगळा खर्च नाही.

सड्यावरचा | ३ जुलै, रात्री १०.३०

तेलकट_हात, पहिल्या ठिकाणी पी०३०० आणि पी०३०२ असे दोन कोड दाखवले होते. ते पुसून दिल्यावर चार दिवसांनी पी०३०२ हा एकटाच परत आला. इंजिन धुतलेले नाही. गाडी अंगणाबाहेरच्या उतारावर आंब्याच्या झाडाखाली उघड्यावर असते. चौथा_गिअर, गेल्या महिन्यात तीन वेगवेगळ्या पंपांवर पेट्रोल भरले आहे.

तेलकट_हात | ४ जुलै, सकाळी ७.१५

मग उत्तराचा अर्धा भाग तुमच्या कोडमध्येच आला आहे. पी०३०० याचा अर्थ कोणत्या तरी, किंवा एकाहून अधिक, सिलिंडरमध्ये मिसिंग आहे, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही. पी०३०२ याचा अर्थ दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे. संगणकाला हे क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, फिरण्यावरून कळते, कारण ज्या सिलिंडरचा स्फोट हुकतो त्याच्या पाळीला क्रँक क्षणभर मंदावतो. पेट्रोलमध्ये पाणी असते तर चारही सिलिंडरांना तेच पेट्रोल मिळते, एकट्या दोन नंबरने हट्ट धरला नसता. थ्रॉटल बॉडीचेही तसेच आहे, तिथून जाणारी हवा चौघांची सामाईक असते. एकाच सिलिंडरची तक्रार असेल तर त्या सिलिंडरचे स्वतःचे जे आहे ते पाहावे: त्याचा प्लग, त्याचा कॉइल, त्याचा इंजेक्टर आणि त्याचे कॉम्प्रेशन. यांपैकी पावसाशी नाते असलेली जागा एकच आहे.

तुमच्या इंजिनात प्लग हा टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) मधोमध असलेल्या खोल खळग्याच्या तळाशी बसतो. वरून एक लांब रबरी बूट त्या खळग्यात उतरतो आणि त्याच्या डोक्यावर कॉइल असतो. हा बूट नवा असताना खळग्याचे तोंड बऱ्यापैकी बंद राहते. नऊ वर्षांच्या उष्णतेने रबर कडक होते, त्याची पकड सुटते आणि वर सांडलेले पाणी कडेने आत उतरते. एकदा आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नसते, त्यामुळे ते प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीभोवती साचून राहते. इंजिन तापले की त्याची वाफ होऊन ते हळूहळू उडून जाते. दहाबारा किलोमीटरनंतर तुमची गाडी शहाण्यासारखी वागते, त्याचे मला तरी हेच कारण दिसते.

मी सांगलीत पंचवीस वर्षे गॅरेज चालवले. पावसाळ्यात "सकाळी मिसिंग, दुपारी ठीक" अशी तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला मी गाडी रात्री ठेवून जायला सांगत असे, कारण तापलेल्या इंजिनावर हा आजार दिसतच नाही. तुमच्या दोन्ही फिटरांना मी दोष देणार नाही, त्यांनी बरी झालेली गाडी पाहिली. मात्र चार कॉइल विकत घेण्यापूर्वी दोन नंबरचा एक कॉइल उचलून खाली टॉर्च मारा. त्याला दहाचा पाना आणि पाच मिनिटे पुरतात.

पेठेतला | ४ जुलै, सकाळी ८.०२

खळगा, आत साठलेले पाणी आणि त्यात टॉर्च मारून पाहणे, हे सारे ऐकल्यावर गाडीला विहीर लागली आहे असेच म्हणावे लागेल. पुण्यात असती तर एव्हाना टँकरवाल्यांनी नंबर लावला असता.

उच्चदाब | ४ जुलै, सकाळी १०.२०

विनोद चांगला आहे, पण पाण्याने नेमके काय बिघडते हेही सांगायला हवे, कारण अनेकांना वाटते की पाण्याने ठिणगी "विझते". ठिणगी सिलिंडरच्या आत पडते आणि हे पाणी सिलिंडरच्या बाहेर असते. दोघांची भेट होत नाही.

कॉइलमधून साधारण दहा ते वीस हजार व्होल्टचा दाब येतो आणि त्याला प्लगच्या टोकाशी एक मिलिमीटरच्या आसपासची फट ओलांडायची असते. प्लगच्या वरच्या टोकापासून खाली लोखंडी अंगापर्यंत जी पांढरी चिनी माती दिसते, ती त्या दाबाला बाहेरून पळून जाऊ देत नाही. तिच्यावर आडव्या वळ्या असतात, त्या शोभेसाठी नसून पृष्ठभागावरून जाणारी वाट लांब करण्यासाठी असतात. विजेच्या मनोऱ्यावरच्या इन्सुलेटरला एकाखाली एक ताटल्या असतात, त्यांचेही काम हेच. माझी नोकरी पारेषणातली आहे. किनाऱ्याजवळच्या वाहिन्यांवर इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, पहिल्या रिमझिमीत तो ओला होतो आणि वीज पृष्ठभागावरून उडी मारून मनोऱ्यात उतरते. मुसळधार पावसात हे कमी घडते, कारण तेव्हा मीठ धुऊन निघते. प्लगभोवती हाच प्रकार लहान प्रमाणात होतो. निव्वळ शुद्ध पाणी विजेचे वाईट वाहक आहे, पण खळग्यात पोहोचेपर्यंत त्यात धूळ, मीठ आणि जुन्या तेलाचा मळ मिसळलेला असतो. मग विजेला फट ओलांडण्यापेक्षा ओल्या चिनी मातीवरून खाली सरकणे सोपे जाते, आणि ती तेच करते.

एकदा अशी वाट पडली की ती जळून तिथे काळसर रेघ उमटते. तिला कार्बन ट्रॅक म्हणतात. पाणी सुकल्यावरही ही रेघ वीज वाहते, त्यामुळे बुटाच्या आत किंवा प्लगवर अशी रेघ दिसली तर नुसते पुसून भागणार नाही.

चौथा_गिअर | ४ जुलै, सकाळी ११.४०

पेट्रोलचा मुद्दा मी मागे घेतो. पण मग हे फक्त आयडलिंगलाच, म्हणजे गाडी न्यूट्रलवर उभी असतानाच, का जाणवावे? चढावर अॅक्सिलरेटर दाबल्यावर तर ठिणगीची गरज जास्त असते.

उच्चदाब | ४ जुलै, दुपारी १२.१५

शंका अगदी योग्य आहे. अॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा शिरते, दाब वाढतो आणि तीच फट ओलांडायला अधिक व्होल्ट लागतात. म्हणजे गळती असेल तर चढावर मिसिंग वाढायला हवे. सड्यावरचा, पहिल्या दोनतीन किलोमीटरमध्ये चढ लागतो का आणि तिथे गाडी काय करते?

आयडलिंगला ते ठळक जाणवते याचे कारण वेगळे आहे. ८०० आरपीएमला चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला सहासात वेळा. इतक्या संथ लयीत एक ठोका चुकला की अंगाला कळते. ३००० आरपीएमला तोच चुकलेला ठोका फ्लायव्हीलच्या गतीत बुडून जातो आणि आपल्याला फक्त "ओढ कमी आहे" असे वाटते. तीन सिलिंडरच्या गाड्यांत एक सिलिंडर गेला की तिसरा हिस्सा जातो, तिथे तर दाराच्या काचाही वाजू लागतात.

सड्यावरचा | ४ जुलै, दुपारी १.०५

आमच्या वाडीतून मुख्य रस्त्याला लागताना लहानसा चढ आहे आणि तिथे गाडी खरोखर दोनतीन आचके देते. मी ते थंड इंजिनाचे समजत होतो. रविवारी कॉइल उघडतो.

दोनचाकी_संन्यासी | ४ जुलै, दुपारी ३.३०

मोटारसायकलवाल्यांना हे दुखणे जुने आहे. बऱ्याच हवेने थंड होणाऱ्या इंजिनांत प्लगच्या खळग्यातून बाहेर एक बारीक भोक काढलेले असते आणि ते केवळ पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेले असते. चिखल आणि वाळू जाऊन ते बुजले की पावसात प्लग गुडघाभर पाण्यात उभा राहतो. एका पावसाळ्यात आंबा घाटात माझी गाडी फटफट करत बंद पडली, तेव्हा मी प्लग बदलला, कार्बोरेटरची वाटी रिकामी केली आणि तरीही ढकलत खाली आलो. साखरप्याच्या एका मिस्त्रीने सायकलची तार घेऊन ते भोक मोकळे केले, तर आतून चहाची अर्धी कपबशी पाणी निघाले. त्याने दहा रुपये मागितले होते, मी पन्नास दिले.

लेस्टरकर | ४ जुलै, संध्याकाळी ६.५०

इथे इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात या विषयावरची एक गंमत नेहमी ऐकू येते. १९५९ साली आलेल्या मूळ मिनी गाडीत अॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले. आधीच्या नमुन्यांत ते उलट्या दिशेला होते. तयार गाडीत ते फिरवले गेले, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर (पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वीज वाटणारा भाग) आणि प्लग थेट पुढच्या जाळीमागे आले. पावसात समोरून येणारे पाणी नेमके त्यांच्यावर उडत असे. यावर मिनीवाल्यांनी शोधलेला उपाय म्हणजे भांडी घासायचा रबरी हातमोजा. चार प्लगच्या वायरी आणि कॉइलची मधली एक, अशा पाच वायरी मोज्याच्या पाच बोटांतून बाहेर काढायच्या आणि मनगटाचा भाग डिस्ट्रिब्युटरवर ओढून घ्यायचा. वायरी आणि बोटे यांचा हिशेब इतका जुळतो की मोजा मुळात यासाठीच शिवला असावा, असे वाटते.

जुना_परवाना | ४ जुलै, रात्री ८.२०

लेस्टरकर, आमच्या प्रीमिअर पद्मिनीच्या काळी मोजा नव्हता, धोतराचा फाडलेला तुकडा असे. पावसात गाडी बंद पडली की वडील उतरत, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतून कोरडी पुसत आणि आम्ही मुले मागे छत्री धरून उभे राहत असू. छत्री त्यांच्यावर धरायची नसे, इंजिनावर धरायची असे. आताच्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर उरला नाही, लांब वायरी उरल्या नाहीत, तरी पाण्याने शेवटी प्लग गाठलाच.

घोडबंदरची | ५ जुलै, सकाळी ९.३०

सर्वांचे म्हणणे पटते, तरी एक सावधगिरी नोंदवते. खळग्यात ओल दिसली म्हणजे ती पावसाचीच आहे असे धरून चालू नका. माझ्या गाडीची लक्षणे अगदी अशीच होती: सकाळी सुरू केल्यावर एका सिलिंडरचे मिसिंग आणि दोन मिनिटांनी सारे सुरळीत. पावसाळा असल्याने मीही प्लगवर पाणी पडते आहे असेच गृहीत धरले. प्रत्यक्षात हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचे सील, गळत होते. रात्रभरात कुलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) थेंबथेंब सिलिंडरच्या आत उतरे आणि सकाळचे पहिले स्फोट त्यात वाया जात. मला तीन महिने उशिरा कळले आणि तोवर बिल दुपटीने वाढले.

दोन्हींमध्ये फरक असा, की पावसाचे पाणी प्लगच्या बाहेर, वरच्या बाजूला असते आणि कुलंट प्लगच्या आतल्या टोकाशी पोहोचते. माझ्या त्या एका प्लगचे टोक बाकी तिघांपेक्षा धुतल्यासारखे स्वच्छ होते. कुलंट रंगीत असते आणि त्याला गोडसर वास येतो. कुलंटच्या टाकीतील पातळी कुठेही थेंब न सांडता कमी होत असेल, तर टॉर्च खळग्यात मारून उपयोग नाही.

तेलकट_हात | ५ जुलै, सकाळी १०.१०

ताईंनी मोलाचे सांगितले. त्यात एक भर घालतो. खळग्यात तेल सापडले तर ते टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून किंवा खळग्याभोवतीच्या सीलमधून आलेले असते. तेलाने लगेच मिसिंग होतेच असे नाही, पण ते बुटाचे रबर फुगवून सैल करते आणि मग पाण्याला दार उघडे होते. पाणी आणि तेल दोन्ही सापडली तर सील बदलल्याशिवाय सुटका नाही.

सड्यावरचा, रविवारी उघडाल तेव्हा काही पथ्ये पाळा. इंजिन पूर्ण थंड असू द्या, कारण अॅल्युमिनिअमच्या हेडमधून गरम असताना प्लग काढला तर आटे निघून येण्याची भीती असते. चावी बंद करून मगच कनेक्टर काढा. त्याची प्लास्टिकची कुडी नऊ वर्षांत ठिसूळ झालेली असते, ती ओढू नका, दाबून सोडवा. इंजिन चालू ठेवून कॉइल उपटायची जुन्या फिटरांची सवय मुळीच करू नका, तो झटका हाताला आणि संगणकाला दोघांनाही बाधतो. चालू इंजिनावर कोणता सिलिंडर मेला आहे हे पाहायचेच असेल तर इंजेक्टरचे कनेक्टर एकेक करून काढावे. जो काढल्यावर थरथरीत काहीच फरक पडत नाही, तो आधीच मेलेला आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: खळग्यात पाणी दिसले तर प्लगला पाना लावण्यापूर्वी ते बाहेर काढा. आधी प्लग सोडवलात तर सगळे पाणी मळासकट सिलिंडरमध्ये जाईल. पंक्चरवाल्याकडची हवा मारा, डोळ्यांवर चष्मा ठेवा, आणि उरलेले पाणी जुन्या बनियनच्या चिंधीने टिपून घ्या.

सड्यावरचा | ६ जुलै, दुपारी १२.४५

उघडले. एक, तीन आणि चार हे खळगे कोरडे होते. दोन नंबरचा कॉइल वर ओढताना बाटलीचे बूच निघावे तसा आवाज झाला आणि बुटाच्या टोकावरून पाणी ठिबकले. टॉर्चमध्ये तळाशी बोटाच्या एका पेराइतके गढूळ पाणी दिसले. त्याला ना रंग होता ना गोड वास, कुलंटची पातळीही जागच्या जागी आहे. प्लगच्या चिनी मातीवर गंजाचा तांबूस डाग होता. बुटाच्या आत केसाएवढी काळी रेघ आहे असे मला वाटते, पण मुलगा म्हणतो की तो मळ आहे.

हवा मारली, चिंधीने टिपले, प्लग काढून पुसला, बूट उन्हात ठेवणे शक्य नसल्याने चुलीच्या कडेला ठेवला आणि सर्व परत बसवले. गाडी सुरू केल्यावर काटा ७५० वर असा काही स्थिर राहिला की जणू मधले तीन आठवडे झालेच नव्हते.

पेठेतला | ६ जुलै, दुपारी १.१०

चुलीच्या कडेला बोंबील सुकवल्याचे ऐकले होते, कॉइलचा बूट सुकवल्याचे प्रथमच ऐकतो आहे.

चौथा_गिअर | ६ जुलै, दुपारी २.००

अभिनंदन. आता सगळ्या बुटांवर डब्ल्यूडी-४० मारून ठेवा, म्हणजे विषय संपला. त्या नावातच पाणी हुसकावण्याचा उल्लेख आहे.

उच्चदाब | ६ जुलै, दुपारी ३.२५

नावात आहे हे खरे, १९५३ मध्ये ते पाणी हटवण्यासाठीच बनवले गेले आणि चाळिसाव्या प्रयत्नात जमले म्हणून ४०. ओला झालेला भाग तात्पुरता कोरडा करायला ते चांगले आहे, पण ते उडून जाते आणि टिकाऊ सील बनत नाही. बुटासाठी सिलिकोनची डायइलेक्ट्रिक ग्रीस मिळते. ती वीज वाहत नाही, त्यामुळे आतल्या स्प्रिंगवर तिचा गोळा करू नका. बुटाच्या ओठाला आतून आणि खळग्याच्या तोंडाशी बसणाऱ्या कडेला पातळ हात फिरवावा. साधी बेअरिंगची ग्रीस मात्र लावू नये, खनिज तेलाने रबर फुगते.

तेलकट_हात | ६ जुलै, संध्याकाळी ५.००

ग्रीस लावा, पण "विषय संपला" हे मला मान्य नाही. चारांपैकी एकाच खळग्यात पाणी आले आहे. हवेतल्या दमटपणाने चौघे ओले झाले असते. याचा अर्थ वरून एका ठरावीक जागी धार पडते आहे. ती जागा सापडेपर्यंत तुम्ही दर आठवड्याला बनियन भिजवत बसाल.

तुम्ही सुरुवातीला उताराचा उल्लेख केला होता. गाडीचे नाक चढाकडे असते की उताराकडे?

सड्यावरचा | १२ जुलै, सकाळी ७.४०

तेलकट_हात काका, तुमचे भाकीत खरे ठरले. पाच दिवस ठीक गेले, परवा रात्री पाऊस कोसळला आणि आज सकाळी पुन्हा थरथर, पुन्हा दोन नंबर, पुन्हा पाणी. गाडीचे नाक उताराकडे असते, कारण सकाळी निघायला सोपे जाते.

तेलकट_हात | १२ जुलै, सकाळी ८.१५

मग वायपरखालची काळी प्लास्टिकची जाळी उचला. काचेवरून उतरणारे पाणी त्या जाळीखालच्या पन्हळीत जमते आणि दोन्ही कडांच्या भोकांतून चाकांच्या मागे खाली जाते. तुम्ही गाडी आंब्याखाली ठेवता. भोके पानांनी बुजली असणार. पन्हळ भरली आणि नाक खाली असले की पाणी कडांकडे न जाता पुढे, म्हणजे इंजिनावर ओसंडते. पुढची दारे बंद ठेवा, बॉनेट उघडे ठेवा आणि काचेवर तांब्याने पाणी ओतून धार कुठे पडते ते एकाला पाहायला सांगा.

घोडबंदरची | १२ जुलै, सकाळी ९.००

अलीकडे पुढची काच बदलली होती का, हेही आठवून पाहा. काच बसवताना ती जाळी काढावी लागते.

सड्यावरचा | १३ जुलै, दुपारी ४.१०

ताई, काच फेब्रुवारीत बदलली होती आणि हा धागा काढताना ते माझ्या ध्यानातही नव्हते.

आज जाळी उचलली. डाव्या बाजूचे भोक आंब्याच्या कुजलेल्या पानांनी आणि मोहराच्या काड्यांनी पक्के बुजले होते. उजवे अर्धे उघडे होते. शिवाय जाळीच्या पुढच्या कडेला जी रबरी पट्टी बॉनेटला चिकटून बसते, ती मधे वीतभर लांबीत खोबणीतून सुटून लोंबत होती. काच बसवताना ती परत दाबली गेली नसावी. मुलाने तांब्याने पाणी ओतले आणि मी बॉनेटखाली डोके घालून पाहिले. पन्हळ भरली, पाणी पट्टीच्या त्या सुटलेल्या भागावरून पुढे आले आणि एका धारेने टॅपेट कव्हरवर, दोन नंबरच्या कॉइलच्या मुळाशी पडले. इतका नेम धरून पाणी ओतायचे म्हटले असते तर मला जमले नसते.

दोन्ही भोके सायकलच्या तारेने मोकळी केली, दोनचाकी_संन्यासी यांचे आभार. पट्टी खोबणीत दाबून बसवली. पुन्हा तीन तांबे ओतले, एक थेंबही पुढे आला नाही.

उच्चदाब | १३ जुलै, संध्याकाळी ६.३०

छान. मात्र ती काळी रेघ विसरू नका. दोन आणि तीन नंबरचे कॉइल बुटांसकट एकमेकांच्या जागी बसवा. खळगे कोरडे असताना मिसिंगचा कोड पी०३०३ होऊन आला, तर रेघ खरी आहे आणि मुलगा हरला. काहीच आले नाही तर तो मळ होता.

लुकलुकणाऱ्या दिव्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकतो तेव्हा न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत असते, आणि त्या उष्णतेने तो आतून वितळू शकतो. त्याच्या किमतीपुढे चार कॉइलची किंमत किरकोळ वाटते. अशा वेळी वाफ होईपर्यंत दहा किलोमीटर रेटत नेणे टाळावे.

चौथा_गिअर | १३ जुलै, रात्री ८.००

पुरात बुडालेल्या गाडीलाही हाच उपाय चालतो का? प्लग पुसायचे आणि सुरू करायची?

तेलकट_हात | १३ जुलै, रात्री ८.४५

अजिबात नाही. २००५ च्या जुलैत मुंबईत आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचा आजार वेगळा होता. तिथे पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरच्या आत शिरलेले असू शकते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सेल्फ मारताच पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पाणी बॉनेटपर्यंत चढलेल्या गाडीला चावी लावू नये, ती ओढूनच न्यावी. या धाग्यातल्या पाण्याचा मार्ग वरून आहे आणि ते कपभर आहे.

सड्यावरचा | २१ जुलै, सकाळी ७.५५

कॉइलची अदलाबदल केल्यावर तिसऱ्या दिवशी घाटात पी०३०३ आला. खळगे चारही कोरडे होते. म्हणजे रेघ खरी होती. माझ्या गाडीला बूट वेगळा मिळत नाही, म्हणून एक कॉइल बुटासकट नवा घेतला आणि चारही प्लग बदलले, कारण ते तसेही मुदतीच्या जवळ आले होते. उरलेल्या तीन बुटांना सिलिकोनची ग्रीस लावली. तिसऱ्या फिटरला जाऊन सांगितले की चारांपैकी एक कॉइल तुमच्या म्हणण्याप्रमाणे खरोखर खराब निघाला. त्याने पन्हळीचा किस्सा दोनदा ऐकला आणि गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या दुसऱ्या एका गाडीची जाळी तिथेच उचलून पाहिली.

तेव्हापासून दोनदा जोरदार पाऊस होऊन गेला आहे. काटा ७५० वरून हलत नाही. गाडीही आता नाक चढाकडे करून उभी करतो.

पेठेतला | २१ जुलै, सकाळी ८.२०

मग आता ते सगळे पाणी मागच्या बाजूने डिकीत तर उतरणार नाही ना?

सड्यावरचा | २१ जुलै, सकाळी ८.४०

हसू नका, हाच विचार मनात येऊन मी आज सकाळी स्टेपनी उचलून पाहिली. कोरडी आहे.